फ्रेंच पॉप गायकांचं विडंबन: दोघांत कामाची वाटणी कशी करावी

फ्रेंच पॉप गायकांची टर उडवणाऱ्या जोड्या बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतात: दोघंही विनोदी होतात. एकानं मिशी चिकटवली की दुसरा बेरे टोपी घालतो, मग पाव येतो, मग गळ्यात कांद्यांची माळ. प्रेक्षक पहिल्या कडव्याला हसतात आणि दुसऱ्या कडव्याला कंटाळतात. टोपी, पाव आणि कांदे पिक्चर पोस्टकार्डावरच्या फ्रान्समधले आहेत, तिथल्या पॉप गायकाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. गायकाची ओळख असते ती कपाळावरची झुलपं, काळा उंच गळ्याचा स्वेटर, लांब वायरचा माइक आणि आपण गातोय ते जगातलं शेवटचं प्रेम आहे ही पक्की खात्री. हसू त्या खात्रीतून येतं. म्हणून दोघांपैकी एकानं गांभीर्य शेवटच्या सुरापर्यंत सोडायचं नाही, आणि दुसऱ्यानं त्याला प्रेमानं तडे द्यायचे.

या वाटणीचा उत्तम साचा तयारच आहे. गायिका दालिदा आणि नट अलँ दलाँ यांचं १९७३ मधलं ‘पारोल, पारोल’ ऐका (मूळ गाणं १९७२ चं, इटालियन). पुरुष गातच नाही, तो कुजबुजत स्तुती करतो. बाई गाते, आणि हे सगळे नुसते शब्द आहेत असं सुनावते. एक बोलणारा, एक गाणारी, आणि बोलणाऱ्याला आपण हरतोय याचा पत्ता नाही. जोडीला आणखी काय हवं? तुमचं पहिलं गाणं याच आकारात लिहा. बोलणाऱ्याची ओळ दोन मापांची (एक माप म्हणजे चार ठोके), उत्तराची ओळ दोन मापांची, आणि तिसऱ्या फेरीला बोलणारा तिच्या ओळीवर पाऊल टाकतो, म्हणजे थांबायच्या जागी थांबत नाही. पहिल्या दोन फेऱ्या काटेकोर झाल्या नसतील तर तिसरी चूक ठरते, विनोद ठरत नाही.

दुसरा अभ्यासाचा नमुना न्यूझीलंडच्या ‘फ्लाइट ऑफ द काँकॉर्ड्स’चा. ब्रेट मॅकेन्झी आणि जेमेन क्लेमंट यांच्या २००७ च्या एचबीओ मालिकेतलं ‘फू द्यु फाफा’ हे गाणं बरंचसं शाळेच्या फ्रेंच पुस्तकातल्या वाक्यांवर उभं आहे. शब्द पोकळ, पण चाल आणि वाजवणं अस्सल. उलट केलं असतं, म्हणजे शब्द भारी आणि चाल कशीबशी, तर ते गाणं कुणाच्या लक्षात राहिलं नसतं.

आणि ही थट्टा बाहेरच्यांनीच सुरू केली असं समजू नका. १९५६ मध्ये फ्रान्समधल्या अगदी सुरुवातीच्या रॉक अँड रोल तबकड्यांपैकी एक निघाली तीच मुळी चेष्टा म्हणून: शब्द बोरिस व्हियाँचे, संगीत मिशेल लग्राँचं, आवाज आँरी साल्व्हादोरचा, आणि तिघांनीही इंग्रजी वळणाची खोटी नावं घेतली होती. साल्व्हादोर झाले ‘हेन्री कॉर्डिंग’.

खोट्या नावांवरून काळ ठरवायचा मुद्दा येतो. ‘फ्रेंच पॉप’ असं एकच काही नसतं. १९६० च्या दशकाची सुरुवात घेतलीत तर तेव्हाचं तरुणांचं पॉप, ये-ये. हे नाव इंग्रजी ‘येऽ येऽ’वरून आलं आणि १९६३ मध्ये समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ यांच्या ‘ल माँद’ या दैनिकातल्या लेखनामुळे रुळलं. या काळातल्या रॉकवाल्या मुलांची नावं अमेरिकन होती: झाँ-फिलिप स्मेत झाला जॉनी हॅलिडे, क्लोद मोआन झाला एडी मिचेल. तेव्हा तुमच्या ये-ये जोडीला ‘झाँ-पिएर आणि झाँ-क्लोद’ म्हणणं चुकीचं. ती नावं ‘बिली’ किंवा ‘टेडी’ हवीत, फ्रेंच उच्चारात. दशकाच्या शेवटी सर्ज गँसबूरची कुजबुज आणि ऑर्गन, आणि १९७० च्या दशकात क्लोद फ्राँस्वाचे चमकीचे कोट व मागे नाचणाऱ्या ‘क्लोदेत’. एका गाण्यात एकच काळ. चमकीचा कोट घालून १९६२ ची संथ चाल गायलीत की जाणकार गोंधळतो आणि नवख्याला नक्कल कशाची तेच कळत नाही.

भाषेवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. मराठी माणसाला इथे एक फायदा आहे. बोलताना आपण ‘घर’ हलन्त उच्चारतो, पण वृत्तात म्हणताना शेवटचा ‘र’ पूर्ण येतो. फ्रेंचमध्ये तंतोतंत हेच होतं. ‘फ्रेर झाक’ हे बालगीत आठवा: बोलताना दोन अक्षरं, गाताना ‘फ्रे-र झा-क’ अशी चार, आणि शेवटच्या ‘क’मधला ‘अ’ अर्धवट मिटलेल्या ओठांतून निसटल्यासारखा. ओळीच्या शेवटी हा मुका स्वर सुरावर धरून ठेवला की कुठलेही शब्द फ्रेंच वाटू लागतात. मात्र ओढायचा तो एकाच ओळीत, दर कडव्याला. प्रत्येक शब्दाला लावला तर गाणं रडकं होतं.

आघाताचंही तसंच. फ्रेंचमध्ये वजन शब्दसमूहाच्या शेवटच्या उच्चारित अक्षरावर पडतं. नवखे लोक इंग्रजी सवयीनं पहिल्या अक्षरावर हाणतात आणि तिथेच नक्कल पडते. चाल बांधताना मापाचा पहिला ठोका ‘आमूर’मधल्या ‘मूर’वर येऊ द्या, ‘आ’ त्याच्या आधी उचलून घ्या. ‘त्यु’ (म्हणजे ‘तू’) मधला स्वर जमत नसेल तर तोंडात ‘ई’ धरा आणि फक्त ओठ ‘ऊ’सारखे गोल करा. ‘र’ घशाच्या मागच्या बाजूनं, पण हळू. खाकरल्यासारखा केला तर पहिल्या रांगेला ऐकू येतो आणि शेवटच्या रांगेला शब्दच कळत नाही.

शब्दसंग्रह २५-३० शब्दांचा पुरे, पण ते प्रेक्षकांना माहीत असलेले हवेत: बोंझूर, आमूर, शेरी, मेर्सी, तुझूर, पार्दों. त्यांत व्याकरणाची चूक ठेवू नका. पात्राला फ्रेंच येत नाही हे दाखवायचं असेल तर वाक्य बरोबर पण जागा चुकीची हवी: विरहाच्या टिपेला कोणी अत्यंत आर्ततेनं स्टेशनचा रस्ता विचारतो. चुकीचं वाक्य लिहिलंत तर फ्रेंच जाणणारा प्रेक्षक तुमच्या चुकीला हसतो, पात्राच्या नाही. ‘त्यु’ आणि ‘व्हू’ मात्र मनसोक्त वापरा. सबंध प्रेमगीतभर दोघं एकमेकांना ‘व्हू’ म्हणजे ‘आपण’ म्हणत राहिली आणि भांडण झाल्यावर पहिल्यांदा ‘त्यु’वर आली, तर ‘अहो’वरून ‘अरे’वर येणं काय असतं ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

शब्दांच्या कोट्या हा या संगीताचा जुना गुण. गायिका फ्रान्स गालनं १९६५ मध्ये लक्झेंबर्गकडून युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकली ते गँसबूरच्या गाण्यावर. त्यातल्या ‘सों’चे दोन अर्थ: आवाज, आणि बाहुलीत भरायचा कोंडा. पोरगी स्वतःला बाहुली म्हणते, कोंड्याचीही आणि आवाजाचीही.

आता चाल. विडंबनासाठी मूळ चालीवर नुसते नवे शब्द बसवू नका, चाल स्वतःची करा आणि लकबी उचला. फ्रेंच कायद्यात विडंबनाला वेगळी सूट आहे, पण प्रत्येक देशात ती तशीच असेल असं नाही. शिवाय स्वतःच्या चालीत विनोदासाठी जागा ठेवता येते. संथ गाण्यासाठी ए मायनर, डी मायनर, जी, सी, एफ, बी हाफ-डिमिनिश्ड, ई सेव्हन, परत ए मायनर हे कॉर्ड, प्रत्येकाला एक माप. ठोके मिनिटाला ६५ ते ७०, प्रत्येक ठोका तीन भागांत, फ्राँस्वाझ आर्दीच्या १९६२ च्या गाण्यासारखा. ये-येसाठी १४० च्या आसपास, गिटार तुटक आणि टाळ्या दुसऱ्या-चौथ्या ठोक्याला. कुजबुजीच्या गाण्याला ९० च्या जवळपास आणि बास मिजराबीनं वाजवलेला, आवाजाइतकाच पुढे. बास मागे ढकललात तर कुजबुजीखाली जमीनच उरत नाही.

शेवटचं ध्रुवपद अर्ध्या सुरानं वर चढवणं ही हमखास युक्ती, आणि तीन वेळा चढवलं तर विनोद. त्यासाठी सुरुवातीची पट्टी अशी निवडा की गाण्यातला सर्वांत वरचा सूर गायकाच्या टोकापेक्षा दोनच अर्धसूर खाली असेल. मग तिसऱ्या चढावाला ताण खरा असतो, नाटकी करावा लागत नाही. कीबोर्डला पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण असतं. गिटारवाल्यानं कापो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) सरकवायच्या भानगडीत पडू नये. १२० च्या लयीत दोन मापं म्हणजे चारच सेकंद. बार कॉर्ड धरून एकेक घर वर जाणं सोपं.

कुजबुजीला आवाज कमी, म्हणून माइकचा गेन, म्हणजे आवाज टिपायची पातळी, वाढवावा लागतो, आणि मग मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर) शिट्टी मारतो. पाठीमागचा आवाज फारसा न टिपणारा कार्डिऑइड माइक घ्या, मॉनिटर त्याच्या बरोबर पाठीमागे ठेवा, बोलणाऱ्याचा आवाज मॉनिटरमधून जवळजवळ काढूनच टाका. तोंड माइकपासून तीनेक सेंटिमीटरवर. इतक्या जवळून आवाजाला खर्ज आपोआप येतो, तो हवाच आहे. पण ‘प’ आणि ‘ब’ फुटतात. माइक तोंडाच्या रेषेपासून थोडा तिरपा धरा आणि ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा. कॉलरचा माइक नको, उंच गळ्याच्या स्वेटरवर तो सतत घासतो.

टीव्हीवरच्या प्लेबॅकची थट्टा, म्हणजे ध्वनिमुद्रण चालू आणि गायक नुसता ओठ हलवणारा, जोडीला फार शोभते, कारण एकाला बिघाड झाल्यावरही दुसऱ्याला हसतमुख राहावं लागतं. पहिला बिघाड अर्ध्या सेकंदाचा ठेवा, दुसरा एका शब्दाचा, तिसरा पूर्ण ओळीचा: आवाज सुरू, गायक पाणी पितोय. थेट तिसऱ्यावर उडी मारलीत तर लोकांना यंत्रणा बिघडली असं वाटतं आणि ध्वनी सांभाळणारा घाबरून ट्रॅक बंद करतो. त्याला बिघाडांच्या जागा कागदावर, सेकंदांसह, आधी लिहून द्या. हा प्रकार वीस मिनिटांच्या कार्यक्रमात चौथ्या गाण्याला ठेवावा. अडीच मिनिटांची पाच गाणी साडेबारा मिनिटं घेतात, उरलेली साडेसात निवेदनाला. पहिली तीन गाणी दोघांनी प्रत्यक्ष, नीट सुरात गायलेली असली म्हणजे चौथ्याला आवाज खोटा आहे हे सगळ्यांना लगेच कळतं.