शिखर परिषदेला लष्कराची किती माणसं न्यायची?

दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४३ मध्ये मोरोक्कोतल्या कासाब्लांकाला ब्रिटिश-अमेरिकन परिषद झाली, तेव्हा चर्चिलच्या सेनाप्रमुखांनी नियोजक, कारकून आणि फायली भरलेलं 'बुलोलो' हे मुख्यालय-जहाजच बंदरात आणून उभं केलं होतं. बैठकीत जहाजांचा प्रश्न निघाला की आकड्यांसकट टिपण तयार. अमेरिकेचे सेनाप्रमुख मार्शल, किंग, अर्नोल्ड यांच्यासोबत मात्र नियोजक मोजकेच. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे सेनाप्रमुख ॲडमिरल लेही तर आजारी पडून त्रिनिदादलाच राहिले. मार्शल यांना इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सवर चढाई हवी होती, ठरली इटलीच्या सिसिली बेटावरची. एवढं एकच कारण नव्हतं, पण समोरच्याचा कागद रातोरात खोडून काढायला हातच कमी होते. मे महिन्यातल्या वॉशिंग्टन परिषदेला अमेरिकन पुरत्या तयारीनं बसले.

म्हणून यादी हुद्द्यावरून करू नये, कामावरून करावी. प्रत्येक सेनाप्रमुखामागे एक मोहिमेचा नियोजक, एक जहाजं आणि रसद जाणणारा, एक इतिवृत्त लिहिणारा. इतिवृत्त दोन्ही बाजूंनी तिथल्या तिथे मान्य करून घ्यायचं. घरी परतल्यावर जो तो आपल्याला हवं तेच आठवतो. जागा कमी पडली की आधी टंकलेखक आणि सांकेतिक संदेशवाले गाळले जातात, आणि घोडं तिथेच पेंड खातं. संदेश रात्रंदिवस येतात. भुसावळला गाडीचे चालक बदलतात तशा त्यांच्याही पाळ्या लावाव्या लागतात.

राहण्याची सोय पाहिल्याशिवाय आकडा पक्का करू नये. फेब्रुवारी १९४५ मध्ये सोव्हिएत क्रिमियातल्या याल्टाच्या परिषदेला ब्रिटिश-अमेरिकन मिळून सुमारे ७०० माणसं गेली. माल्टाहून रात्री दहा-दहा मिनिटांनी विमानं सुटली, क्रिमियातल्या साकीच्या धावपट्टीवर उतरली. पुढे डोंगरातला रस्ता, जळगावहून धुळ्यामार्गे मालेगाव गाठावं एवढा, पण पाच-सहा तासांचा. परिषद जिथे भरली त्या लिवाडिया राजवाड्यात न्हाणीघरं इतकी थोडी की जनरल रांगेत उभे. ढेकणांसाठी डीडीटी फवारावी लागली. लांबचे संदेश जवळच्या सेवास्तोपोल बंदरात उभ्या केलेल्या जहाजांवरून जात.

एक गोष्ट मात्र कधीच विसरू नये: एका विषयाची सगळी जाणती माणसं एकाच विमानात बसवू नयेत. त्याच १९४५ मध्ये १ फेब्रुवारीला माल्टाकडे निघालेलं ब्रिटिशांचं एक यॉर्क विमान भूमध्य समुद्रातल्या लांपेदुसा बेटाजवळ पाण्यात पडलं. त्यात परराष्ट्र खात्याचे आणि लष्करी कार्यालयाचे अधिकारी गेले, याल्टाची परिषद तीन दिवसांवर आलेली असताना.