अर्खांगाईत, घोड्यांच्या दारी

मंगोलियात पर्यटकांसाठी गेर कॅम्प ठिकठिकाणी आहेत, अगदी गरम पाण्याच्या शॉवरसकट. सोय उत्तम, पण जनावरं नाहीत. आणि जनावरं नसतील तर गेर म्हणजे नुसता गोल तंबू. म्हणून अर्खांगाई प्रांताचं मुख्य शहर त्सेत्सेर्लेग, त्याच्या पुढे डांबरी सडक सोडून आम्ही एका पशुपालक कुटुंबाकडे उतरलो.

गेरचं दार दक्षिणेला. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, आत गेल्यावर पाहुण्यांनी डावीकडे बसायचं. मधल्या शेगडीत रानगोवऱ्या धुमसत होत्या, वर मीठ घातलेला दुधाचा चहा. साखरेच्या चहावर वाढलेल्या जिभेला तो पहिल्या घोटाला सूपच वाटतो.

खरी गंमत बाहेर होती. जमिनीलगत ताणलेल्या लांब दोराला शिंगरं बांधलेली, त्यामुळे घोड्या लांब जात नाहीत. मुलगा एकेक शिंगरू सोडून आईला लावायचा. पान्हा फुटला की लगेच बाजूला ओढायचा. मग घरच्या बाई एक गुडघा टेकून, घोडीच्या मागच्या पायाला हाताचा वेढा घालून धार काढायच्या. निघायचं थोडंच, म्हणून दर दोनेक तासांनी पुन्हा तेच. दूध दाराजवळच्या कातडी पिशवीत ओतलं जायचं आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण, आम्हीसुद्धा, लाकडी दांड्याने ते घुसळायचा. त्याचंच आंबून ऐराग होतं: आंबट, फसफसणारं, किंचित चढणारं. मला आवडलं, बायकोने वाडगा ओठाला लावून सभ्यपणे परत केला, तेही चालतं.

छतावर सोलर पॅनल, दाराशी मोटरसायकल. कुणाला याने हिरमोड होतो, मला मात्र हा हट्टच कळत नाही. गुरं शोधायला मोटरसायकल बरी पडत असेल तर त्यांनी आपल्या फोटोंसाठी घोड्यावरच का बसावं?

हिवाळ्याचा विषय निघाला की यजमान गप्प व्हायचे. २०२३-२४ च्या झुडमध्ये, म्हणजे बर्फाने चारा गाडून टाकणाऱ्या थंडीत, देशभरात ७० लाखांहून अधिक जनावरं मेली. कळप गेला की राजधानी उलानबातरची वाट धरायची. जेमतेम पस्तीस लाख वस्तीच्या या देशातली जवळपास निम्मी माणसं आज तिथेच आहेत. शहराच्या कडेला टेकड्यांवर पसरलेल्या गेर-वस्त्या विमानतळावरून येतानाच दिसतात.

जायचं तर नादाम, म्हणजे जुलैतला खेळांचा राष्ट्रीय उत्सव, आटोपल्यावर, जुलैअखेर ते ऑगस्ट. ऐराग तेव्हाच भरपूर मिळतं. आणि शाकाहारी असाल तर पिठलं-भाताची पाकिटं बरोबर ठेवा, कारण तिथे भाजी म्हणजे बहुतेकदा मटणातला बटाटाच.