लीड्स आणि लंडनची तलवारवारी: बघायचं कुठे, घ्यायचं काय आणि बॅगेत काय घालायचं नाही

यूकेला फिरायला येणाऱ्या आपल्या लोकांची लिस्ट ठरलेली असते. लंडन आय, मादाम तुसाँ, आणि म्युझियम म्हटलं की ब्रिटिश म्युझियम, तेही कोहिनूर तिथे आहे असं समजून (तो टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे). पण ज्यांना जुन्या लष्करी तलवारींचा नाद आहे त्यांनी ही लिस्ट बाजूला ठेवावी, कारण या छंदासाठी इतकं फुकट बघायला मिळणारा आणि वर थोडे पैसे टाकून खरी वस्तू हातात घेता येणारा देश दुसरा माझ्या तरी माहितीत नाही. मी इथे रेडिंगला राहतो, साताऱ्याचे काका आले होते, त्यांना घेऊन ही फेरी केली. काकांच्या घरी खंडेनवमीला पूजेत एक जुनी तलवार असते त्यामुळे माणूस या विषयात मुरलेला, आणि प्रश्न विचारायला बिलकुल न लाजणारा.

सगळ्यात आधी क्रम सांगतो, कारण तोच महत्त्वाचा आहे. आधी म्युझियम, मग फेअर, म्हणजे जुन्या हत्यारांचा बाजार. खूप लोक उलटं करतात, थेट आर्म्स फेअरला जाऊन पहिल्या टेबलावर जी चमकते ती उचलतात. खऱ्या पात्याची रेघ, खऱ्या मुठीचं प्रमाण हे डोळ्यात एकदा बसलं की खोटी वस्तू पाच फुटांवरून खटकायला लागते, आणि डोळ्यात बसायला काचेपलीकडच्या शे-दोनशे तलवारी आधी बघाव्याच लागतात.

वॉलेस कलेक्शन, मँचेस्टर स्क्वेअर. बॉन्ड स्ट्रीट स्टेशनवरून चालत जवळच. तिकीट नाही. लोक इथे चित्रं बघायला येतात आणि तळमजल्यावरच्या हत्यारांच्या दालनांतून भराभर निघून जातात, तर आपण उलटं करायचं. पूर्वेकडच्या हत्यारांचं वेगळं दालन आहे, त्यात आपल्याकडच्या तलवारी, कट्यारी, जेडच्या मुठी, कोफ्तगिरीचं काम (पोलादावर सोन्या-चांदीची नक्षी), जोहरदार पाती (पोलादातच लाटांसारखी रेघ दिसणारी), सगळं आहे. पण हे लक्षात घ्या की हे चौथ्या मार्क्विस ऑफ हर्टफर्डनं पॅरिसमध्ये बसून आवडीनं जमवलेलं आहे, म्हणजे दरबारी, नक्षीदार, श्रीमंती माल जास्त. शिपायाच्या कमरेची साधी तलवार कशी असायची ते इथे कळणार नाही. काकांनी एका वाक्यात निकाल लावला, "ही लग्नातली हत्यारं आहेत रे, लढाईतली दाखव."

लढाईतली बघायची तर चेल्सीचं नॅशनल आर्मी म्युझियम. तेही फुकट. ईस्ट इंडिया कंपनीचं सैन्य आणि नंतरची ब्रिटिश इंडियन आर्मी यांच्या बऱ्याच वस्तू तिथे आहेत. हॉल लहान आहे, दोन अडीच तास पुरे.

व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) ला फक्त वाघनखांसाठी जाणार असाल तर थांबा, ती जुलै 2024 पासून 3 वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आहेत, आधी साताऱ्यातच ठेवली होती. ती खरंच महाराजांची का यावर इतिहासकारांत वाद आहे तो आहेच. म्हणजे काका साताऱ्याहून लंडनला आले आणि वाघनखं लंडनहून साताऱ्याला गेली होती, यावर त्यांनी मला दिवसभर ऐकवलं.

आता लीड्स. रॉयल आर्मरीज, आणि याच्यासाठी एक अख्खा दिवस काढाच. किंग्ज क्रॉसवरून थेट ट्रेन, साधारण सव्वादोन तास, तिकीट आधी काढलं तर परवडतं, ऐनवेळी काढलं तर त्या पैशात एखादी संगीन येईल. स्टेशनवरून नदीच्या कडेनं पंधरा-वीस मिनिटं चालत. 1996 साली खास हत्यारांसाठीच बांधलेली इमारत आहे, प्रवेश फुकट. सोमवारी जाऊ नका, शाळांच्या सुट्ट्या सोडल्या तर सोमवारी बंद असतं, साइटवर एकदा बघूनच निघा. आत शिरल्या शिरल्या हॉल ऑफ स्टील म्हणून एक अष्टकोनी जिना आहे, भिंतीवर वरपर्यंत हत्यारं रचलेली, फोटो सगळे तिथलेच टाकतात, पण अभ्यासाला त्याचा उपयोग शून्य, मान दुखते फक्त. वर आशियाई हत्यारांच्या गॅलरीत हत्तीचं चिलखत आहे, मद्रासचा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह याच्या बायकोनं 1801 मध्ये इंग्लंडला आणलेलं, आता उरलेल्या भागाचंच वजन 118 किलो. ते बघून कोणीही थांबतोच. आपण पुढे जायचं.

आपल्याला बघायची आहे 1796 पॅटर्नची (म्हणजे सैन्यानं त्या साली ठरवून दिलेल्या नमुन्याची) लाइट कॅव्हलरी सेबर, हलक्या घोडदळाची तलवार. ल मार्शां नावाच्या अधिकाऱ्यानं डिझाइन केलेली, बाकदार, मूठ अगदी साधी, पट्टीच्या एका वळणाची, आणि पातं टोकाकडे निमुळतं व्हायच्या ऐवजी रुंद होत जातं. भोसकायला नाही, तोडायला. मराठ्यांविरुद्धच्या असईच्या लढाईत 1803 ला आर्थर वेलस्लीबरोबर (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) जी 19 वी लाइट ड्रॅगून्स होती त्या काळातल्या ब्रिटिश हलक्या घोडदळाची तलवार हीच. 1821 ला नवा पॅटर्न आला आणि ही मोडीत निघाली, पण गंमत पुढे आहे. कॅप्टन नोलान (ब्रिटिश घोडदळाचा अधिकारी, तोच, जो 1854 ला क्रिमियन युद्धात लाइट ब्रिगेडच्या हल्ल्यात मेला) यानं लिहून ठेवलंय की निजामाच्या घोडेस्वारांनी एका चकमकीत तलवारीनं असे वार केले की तो चक्रावला, म्हणून पुढे त्यानं ती हत्यारं स्वतः बघितली, तर निघाली काय, इंग्रजांनीच टाकून दिलेली जुनी ड्रॅगूनची पाती! देशी मूठ बसवलेली, वस्तऱ्यासारखी परजलेली, आणि लाकडी म्यानात ठेवलेली. इंग्रज तेच पातं लोखंडी म्यानात ठेवायचे, घोडा चालला की आत खडखड, धार गेली. काचेसमोर उभं राहून हे काकांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "मग? आपल्याकडची तलवार पण लाकडाच्या म्यानातच आहे की. वर चामडं." ही गोष्ट डोक्यात ठेवून ती तलवार आणि शेजारचं तिचं लोखंडी म्यान बघा, नुसती बघण्यापेक्षा फार वेगळी दिसते.

मग फेअर. इथे अशा आर्म्स फेअर वर्षभर कुठे ना कुठे चालू असतात, बहुतेक रविवारी, एखाद्या हॉटेलचा हॉल नाहीतर स्पोर्ट्स सेंटर, टेबलं मांडलेली. तिकीट किरकोळ. सकाळी लवकर जा, दुपारी एक-दीडनंतर डीलर लोक आवरायला लागतात. पण भाव करायचा असेल तर आवरायच्या आधीचा अर्धा तास सोन्याचा, वस्तू परत गाडीत चढवायचा कंटाळा आलेला असतो त्यांना. कॅश न्या. छोटा टॉर्च न्या, भिंग न्या, जुनी चादर आणि दोरी न्या (कशाला ते पुढे सांगतो). उचलायच्या आधी विचारा, आणि पात्याला बोटं लावू नका, घामानं गंज धरतो आणि डीलरचं तोंड वाकडं होतं.

एका टेबलावर आमच्या समोर आली एक आपल्याकडची तलवार, म्हणजे मूठ पक्की देशी, वरती वाटी, परज (बोटांवरून वळणारी पट्टी) असलेली, आणि पातं मात्र ओळखीचं, टोकाकडे रुंद. डीलर म्हातारा होता, त्यानं रुमाल दिला आणि म्हणाला पाठ बघा. मुठीच्या जवळ पात्याच्या पाठीवर टॉर्च तिरका मारला तर पुसट अक्षरं, जे जे रुंकल, सोलिंगेन. म्हणजे जर्मनीत घडलेलं पातं, इंग्लंडमार्गे हिंदुस्थानात येऊन देशी मुठीत बसलेलं, नोलानची गोष्ट हातात धरल्यासारखी. आता इथेच सावध व्हायचं असतं. आपल्या तलवारींची मूठ पात्याला लाखेनं बसवलेली असते, गरम केली की निघते, दुसरी बसते, म्हणजे हे लग्न 1820 ला लागलं की गेल्या उन्हाळ्यात कोणाच्या गॅरेजमध्ये, ते पाहावं लागतं. मुठीच्या तोंडाशी लाख बघा, जुनी लाख काळपट, भेगाळलेली, धूळ खाल्लेली असते. ताजी लाख चमकते, किंवा लाखेच्या ऐवजी सरळ एपॉक्सी दिसतं. गंजाचा रंग मुठीचा वेगळा आणि पात्याचा वेगळा असला तरी शंका घ्या. या तलवारीची लाख जुनी वाटली, किंमत मात्र बजेटच्या दुप्पट, म्हणून ठेवून दिली. काका दोन टेबलं पुढे जाऊनही मागे वळून बघत होते.

नवीन माणसानं घ्यायची तर माझं ठाम मत, व्हिक्टोरियन किंवा त्यानंतरची ब्रिटिश ऑफिसरची तलवार घ्या, विल्किन्सनची असेल तर उत्तम. कारण 1854 पासून विल्किन्सननं ऑफिसरच्या तलवारींच्या पाठीवर नंबर टाकायला सुरुवात केली, पहिला नंबर 5000, आणि त्यांची रजिस्टरं शिल्लक आहेत. नंबरवरून तलवार कधीची ते कळतं, आणि नशीब असेल तर कोणी घेतली तेही. पात्यावर मुठीजवळ पितळेची गोल टिकली असते, भोवती सहा कोनांची चांदणी, ते प्रूफचं, म्हणजे पातं चाचणीत टिकल्याचं चिन्ह, त्याचा ज्यू धर्माशी काही संबंध नाही, डीलर काही का सांगेना. पात्यावर व्हीआर असेल तर राणी व्हिक्टोरिया म्हणजे 1901 च्या आतली, ईआर आणि सात असेल तर 1901 ते 1910, जीआर आणि पाच असेल तर त्यानंतरची. इतकं वाचता आलं तरी अर्धं काम झालं. मी बघितलेल्या टेबलांवर इन्फंट्री ऑफिसरच्या साध्या तलवारी 200 ते 400 पौंडांत होत्या, नाव असलेल्या आणि चांगल्या रेजिमेंटच्या त्याच्या बऱ्याच वर.

आणि ज्याला हिंदुस्थानी धागा हवाच आहे त्यानं 1908 पॅटर्नची इंडियन आवृत्ती शोधावी. सरळ, फक्त भोसकायला केलेली, हात झाकायला वाटीसारखी मोठी ढाल, दिसायला इतकी विचित्र की सातव्या एडवर्डला ती आवडलीच नव्हती म्हणतात. इंडियन कॅव्हलरीसाठी केलेलीची मूठ लहान असते, आणि बाणाच्या (सरकारी मालाच्या) खुणेबरोबर आय एस डी अशी अक्षरं असतात, म्हणजे इंडिया स्टोअर्सचा माल. मूठ हातात धरली की लगेच कळतं, माझ्या हाताला इंग्लिश आवृत्ती ढगळ होते, ही बरोबर बसते.

"मराठा स्वोर्ड" अशी चिठ्ठी लावलेली वस्तू मात्र टेबलावरच राहू द्या. तशी चिठ्ठी लागली की किंमत चढते आणि पुरावा शून्य असतो. फिरंग म्हणजे युरोपियन पातं आणि देशी मूठ, ती मराठ्यांकडे होती तशी मुघलांकडे होती, दख्खनच्या सुलतानांकडे होती. ज्यावर नाव असतं तिची गोष्ट वेगळी, नागपूरच्या रघुजी भोसल्यांच्या फिरंगीवर सोन्यानं देवनागरीत नाव आहे, म्हणून ती एप्रिल 2025 ला लंडनच्या लिलावात आली तेव्हा महाराष्ट्र सरकारनं 47 लाख 15 हजार मोजून घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. अशी वस्तू रविवारी स्पोर्ट्स सेंटरमध्ये चादरीवर पडलेली नसते. दुसरं म्हणजे रेप्लिका. वॉटर्लूची म्हणून दाखवलेली एक 1796 आम्हाला दिसली, पातं जाड, वजन पुढे लोंबतंय, गंज ॲसिडनं खाल्लेला एकसारखा. काका हातात घेऊन हसले, म्हणाले ही वॉटर्लूची नाही, देहरादूनची आहे (तिकडे अशा नकली तलवारी बनतात). डीलरला मराठी येत नव्हतं हे बरं झालं.

घेतलीत की पावती मागा, त्यावर "100 वर्षांपेक्षा जुनी" आणि अंदाजे साल लिहून घ्या. इथे 50 सेंटीमीटर किंवा त्याहून लांब पात्याच्या बाकदार तलवारींवर 2008 पासून बंदी आहे, अँटीक असेल तर सूट मिळते, म्हणून तो कागद लागतो. आणि रस्त्यात पातं घेऊन फिरायला योग्य कारण असावं लागतं. म्हणून चादरीत गुंडाळा, दोरीनं आवळून बांधा, पावती खिशात, आणि सरळ घरी. वाटेत पबमध्ये बसायचं नाही, ट्रेनमध्ये मित्राला काढून दाखवायची नाही.

काकांचा शेवटचा प्रश्न तोच जो प्रत्येकाचा असतो, "बॅगेत घालून नेऊ का रे एक?" नाही काका. चेक-इन बॅगेत सुद्धा नाही. भारतात 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र कायद्यात येतं, बाहेरून आणायचं तर आधी परवानगी, नाहीतर मुंबईला कस्टम्समध्ये तलवार तर जाईलच आणि वर तुम्ही चौकशीला बसाल. उलट बाजूनंही तेच, घरातली पणजोबांची तलवार इकडे कोणाला दाखवायला किंवा विकायला आणायचा विचार असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं 100 वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा ज्यांचं घर भारतात आहे त्यांनी इथून फोटो न्यावेत, मोजमापं न्यावीत, आणि पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापुरात न्यू पॅलेस इथली हत्यारं पुन्हा एकदा जाऊन बघावीत, आता वेगळी दिसतील.

इथे राहणाऱ्यांसाठी घरी आणल्यावरचं. ब्रासो लावायचा नाही, सँडपेपर नाही, कोणी यूट्यूबवर कितीही चकाचक करून दाखवलं तरी नाही, जुनी काळसर कांती गेली की किंमत गेली आणि एचिंग (पात्यावर ॲसिडनं उठवलेली नक्षी) पण जातं. लाल गंज असेल तेवढाच हलकं तेल आणि सगळ्यात बारीक स्टील वूलनं, मग रेनेसाँस वॅक्सचा (म्युझियमवाले वापरतात ते मेण) पातळ हात. मुठीवर माशाच्या कातड्याचं आवरण आणि तार असते, तिथे तेल जाऊ द्यायचं नाही. आणि चामड्याचं म्यान असेल तर तलवार त्यात ठेवून विसरू नका, चामडं ओल धरतं, पातं वेगळं ठेवा, म्यान वेगळं. इथल्या सेंट्रल हीटिंगमध्ये जुनं चामडं आक्रसतं सुद्धा, म्हणून रेडिएटरच्या वरची भिंत सोडून कुठलीही भिंत चालेल.