मेल येत होत्या, जात नव्हत्या

आमच्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा २८ सप्टेंबर २०२५ रोजी ठरली होती आणि सभेची सूचना चौदा पूर्ण दिवस आधी सभासदांच्या हाती पडली पाहिजे, या नियमामुळे ती १३ तारखेपर्यंत निघणे भाग होते. सचिव या नात्याने ते काम माझ्याकडे होते. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबरला बंद होणार, हे बरेच महिने कानावर येत होते. म्हणून अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाच्या धावपळीतून मोकळा झाल्यावर, मी घरच्या संगणकावर विंडोज ११ चढवले. सभेच्या तोंडावर असले काम हाती घेणे हा शुद्ध अविचार होता, हे पत्नीने त्याच दिवशी सांगितले होते.

मंगळवारी सकाळी थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम उघडला, तेव्हा रात्रभरात आलेल्या सर्व मेल नीट उतरल्या. सूचना जोडून ‘पाठवा’ दाबले, तर मिनिटभर चक्र फिरत राहिले आणि शेवटी संदेश आला की मेल पाठवता आली नाही, कारण सर्व्हरशी संपर्क साधताना वेळ संपली. संस्थेचा ईमेल पत्ता आमच्या स्वतःच्या डोमेनवर आहे आणि तो एका लहान होस्टिंग कंपनीकडे आहे. त्यामुळे माझा पहिला संशय साहजिकच तिच्यावर गेला. तो चुकीचा निघाला.

येणारी आणि जाणारी मेल हे दोन निरनिराळे रस्ते आहेत, हे अशा वेळी आधी ध्यानात घ्यावे लागते. मेल आणण्याचे काम आयमॅप किंवा पॉप ही संपर्कपद्धत करते, पाठवण्याचे काम एसएमटीपी करते. दोघांचे पोर्ट, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरण्याचे क्रमांकित दरवाजे, वेगळे, सेटिंग वेगळी, आणि थंडरबर्डमध्ये तर जाणाऱ्या सर्व्हरची नोंद खात्यांच्या यादीत अगदी तळाशी स्वतंत्र ठेवलेली असते. म्हणून मेल येत आहे यावरून पाठवण्याची बाजू ठीक आहे, असे काहीही सिद्ध होत नाही.

मी ब्राउझरमधून वेबमेल उघडून स्वतःलाच एक मेल पाठवली. ती लगेच आली, म्हणजे खाते शाबूत होते. त्याच वाय-फायवरून फोनमधूनही मेल गेली, म्हणजे इंटरनेटची लाइनही ठीक होती. मग फोनमधील आणि संगणकावरील सेटिंग शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा फरक दिसला: फोन ५८७ क्रमांकाच्या पोर्टने पाठवत होता, तर संगणक २५ ने. संगणकावरील खाते मी बारा-तेरा वर्षांपूर्वी उघडले होते आणि तेव्हा भरलेला आकडा प्रत्येक नव्या संगणकावर जसाच्या तसा उचलून आणला होता.

पोर्ट २५ हा एसएमटीपीचा मूळ दरवाजा. एसएमटीपीचे नियम सांगणाऱ्या १९८२ सालच्या आरएफसी ८२१ या दस्तऐवजातही तोच आहे. पुढे वापरकर्त्याने आपल्या सर्व्हरकडे मेल सोपवण्यासाठी १९९८ मध्ये ५८७ हा वेगळा पोर्ट ठरवण्यात आला आणि २५ प्रामुख्याने सर्व्हर-सर्व्हरमधील देवाणघेवाणीसाठी उरला. नंतर विषाणू लागलेल्या घरगुती संगणकांतून २५ च्या दरवाजाने कचरा मेल बाहेर पडू लागली, म्हणून घरगुती जोडणीवर २५ बंद ठेवणाऱ्या इंटरनेट कंपन्या पुष्कळ आहेत. पण माझ्याकडे तर तो रविवारपर्यंत चालू होता.

पॉवरशेल या विंडोजमधील आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा सर्व्हरचे नाव आणि पोर्ट देऊन चालवली, की तो दरवाजा उघडतो की नाही हे कळते. माझ्या संगणकावर २५ साठी नकार आला, ५८७ साठी होकार. मुलीच्या लॅपटॉपवर, त्याच वाय-फायवरून, दोन्हींसाठी होकार मिळाला. आता अडथळा ना कंपनीकडे होता ना लाइनवर; तो माझ्याच संगणकात बसला होता.

अपग्रेडपूर्वी मला अँटिव्हायरसची जुनी आवृत्ती काढावी लागली होती आणि नंतर मी नवी टाकली होती. तिच्या नोंदवहीत उत्तर सापडले. मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्या विषाणूंना रोखण्यासाठी पोर्ट २५ वरून बाहेर जाणारी प्रत्येक जोडणी अडवावी, असा एक नियम त्यात आपोआप चालू होता आणि त्याखाली थंडरबर्डचे नाव त्या सकाळपासून नऊ वेळा नोंदले गेले होते. जुन्या आवृत्तीतही हा नियम असणार. पण कधीतरी मीच थंडरबर्डला त्यातून सूट दिली असावी आणि ती सूट जुन्या आवृत्तीबरोबर निघून गेली. विंडोजला मी दोन दिवस विनाकारण बोल लावत होतो.

पुन्हा सूट देऊन काम दोन मिनिटांत भागले असते. मला मात्र तो नियम योग्यच वाटला, म्हणून मी तो तसाच ठेवून थंडरबर्डमध्ये पोर्ट ५८७ आणि सुरक्षेसाठी स्टार्टटीएलएस ही जोडणी सांकेतिक करणारी पद्धत निवडली. लगेच नवी त्रुटी आली: ५३०, म्हणजे ओळख पटवणे आवश्यक. गंमत अशी, की हा मला पहिला शुभशकुन वाटला. आधी सर्व्हरपर्यंत पोहोचताच येत नव्हते. आता सर्व्हर बोलत होता, आणि एसएमटीपीत पाचाने सुरू होणारा आकडा हा स्पष्ट नकार असला तरी त्यातून कारण कळते. जाणाऱ्या सर्व्हरच्या नोंदीत ओळखीची पद्धत ‘काही नाही’ अशी होती. पूर्वी पुष्कळ सर्व्हर, ज्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) नुकतीच मेल उतरवली गेली आहे त्याला काही मिनिटे पासवर्डशिवाय पाठवू देत. माझे काम इतकी वर्षे त्या सवलतीवर चालले असणार. ‘सामान्य पासवर्ड’ ही पद्धत निवडली, वापरकर्त्याच्या नावाच्या जागी पूर्ण ईमेल पत्ता लिहिला, आणि मेल गेली.

सूचना ८४ सभासदांना पाठवायची होती. होस्टिंगवर तासाला किती मेल पाठवता येतात याची मर्यादा असते, हे मागच्या वर्षीच्या अनुभवाने ठाऊक होते, म्हणून वीस-वीस पत्ते गुप्त प्रतीच्या रकान्यात टाकून मी चार-पाच फेऱ्या केल्या. बुधवारी दुपारी शेवटची फेरी गेली. संध्याकाळी तळमजल्यावरचे काका वर आले आणि मेल मिळाली असे सांगून त्यांनी सूचनेची छापील प्रत मागितली. ती मी त्यांना दिली. प्रिंटर सुदैवाने चालू होता.