आंबा आमचा, पैसे गेले भलत्याच्या खात्यात (आमची वाटचाल)

आमचं गाव दापोली तालुक्यात, अगदी समुद्राला लागून. घराभोवती माड-पोफळीची वाडी आणि वर कातळावर हापूसची शंभरेक कलमं. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या वेळी सगळा माल वाशीच्या बाजाराला जायचा, दलालाची पट्टी (हिशेबाची चिठ्ठी) येईपर्यंत दर काय लागला ते कळायचंसुद्धा नाही. 2016 ला मी पुण्याची नोकरी सोडून आलो आणि ओळखीच्या घरांत पेट्या द्यायला लागलो. पहिल्या वर्षी 40 गेल्या.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये आंबा झाडावर आणि गिऱ्हाईक घरात अडकलेलं, तेव्हा बायकोने आढीचे (गवतात पिकायला घातलेल्या आंब्यांचे) फोटो सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि फोन थांबेचनात, पैसे युपीआयवर, पेट्या टेम्पोने, आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून विकल्या नव्हत्या एवढ्या त्या एका सीझनला गेल्या.

आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारी दोनेक तासांत वाडी आडवी. पोफळ (सुपारी) लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात आणि अण्णा तेव्हा 71 चे, ते खळ्यात उभे राहून नुसते बघत होते. वीज महिनाभर नाही, नेटवर्क नाही. फोन लागायला लागले तेव्हा आमच्या 30-35 गिऱ्हाइकांनी पुढच्या वर्षीच्या पेटीचे पैसे तेव्हाच पाठवून दिले, घरावरचे पत्रे त्या पैशातून आले. ते आम्ही कधी विसरणार नाही. ॲडव्हान्सची पद्धत आमच्याकडे तिथून पडली.

पुढच्याच मे मध्ये तौक्ते, झाडावरचा उरलेला आंबा खाली. अरबी समुद्राचं पाणी तापतंय तशी वादळं जोर धरतायत असं शास्त्रज्ञ सांगतात, आम्ही ते अंगणात बघितलं. पण माझ्या मते वादळापेक्षा जास्त नुकसान थंडीने केलंय. थंडी उशिरा पडली की डिसेंबरचा मोहर जानेवारी-फेब्रुवारीवर जातो, मधेच परत थंडी पडली की फळ धरलेल्या कलमाला पुन्हा मोहर येतो आणि आधीची कणी (बारीक फळं) गळते, फुलकिड्यांसाठी फवारण्या वाढतात, मार्चच्या उन्हात फळ भाजतं, मग साका, म्हणजे आतला गर खराब. म्हणजे मार्चमध्ये लोक आंबा मागतात आणि बागेत तो नसतो.

चोर नेमका तिथेच घुसतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याच फोटोंचं, अण्णा झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आंबा काढतायत त्या फोटोसकट, कोणीतरी पेज बनवलं, पहिली तोड, 5 डझन 1200 रुपये. आमच्याकडे तेव्हा एक पेटी नव्हती! ठाण्याच्या एका काकूंचा फोन आला, "अरे माझ्या पेट्या कधी येतायत?" तेव्हा कळलं. ॲडव्हान्स द्यायची सवय आम्हीच लावलेली, म्हणून कोणाला शंकाच आली नाही. एकूण 17 घरं फसली. ज्यांनी लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला त्यातल्या दोघांचे पैसे अडवता आले, बाकीच्यांचे गेले.

त्याच महिन्यात बायकोला एकाचा फोन आला, 25 पेट्या पाहिजेत, पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करा म्हणाला, ती पिन टाकणार तेवढ्यात पुतण्याने फोन हातातून घेतला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो द्यायला लागतो, हे प्लीज घरातल्या मोठ्यांना सांगा.

हापूसला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तरी परराज्यातला आंबा कोकणच्या पेटीत भरून विकतातच. देवगडच्या बागायतदारांनी 2025 पासून फळावर नंबरचा स्टिकर लावायला घेतलाय, तसं सगळीकडे व्हायला पाहिजे. आम्ही आता कलमाखाली उभं राहून व्हिडिओ कॉल केल्याशिवाय ॲडव्हान्स घेत नाही, मोहर उशिरा असेल तर तसं स्पष्ट सांगतो.

त्या 17 घरांना मे अखेरीस आम्ही अर्धी-अर्धी पेटी पाठवली. यात आपली चूक नाही असं मी अण्णांना सांगून बघितलं, ते म्हणाले, "नाव आपलंच होतं ना रे." त्यातली 11 घरं अजून आमच्याकडूनच घेतात.