दुपारची मॅच

मॅच ठरली म्हणजे ठरली, काय वाट्टेल ते झालं तरी खेळायची, अशी एकदोन माणसं प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. बाकीचे शनिवारी रात्री "पक्का येतो रे" म्हणणारे आणि रविवारी सकाळी पाहुणे आले, दळण आणायचंय, पाठ धरलीय, ढग बघ किती आलेत. मी या बाकीच्यांतला. त्यामुळे पहिल्या प्रकारची माणसं काय खाऊन जन्माला येतात याचं मला कुतूहल आहे, आणि तिथून माझी गाडी नेहमी बिल एडरिचवर येते.

एडरिच इंग्लंडचा बॅट्समन. आपल्याकडे त्याच्याच टीममधला बॅट्समन डेनिस कॉम्प्टन ठाऊक असतो, हा त्याच्या मागून येणारं नाव. 1916 चा जन्म, नॉर्फोकच्या शेतकरी घरातला, बुटका आणि चिवट. घरात क्रिकेटर इतके की नुसत्या एडरिचांची अकरा जणांची टीम मैदानात उतरायची. हिवाळ्यात मात्र साहेब फुटबॉलर, टॉटनहॅम हॉट्स्परकडून विंगला खेळायचे, तेही हौशी म्हणून. 1937-38 ला लॉर्ड टेनिसनच्या टीमबरोबर हिंदुस्थानातसुद्धा येऊन गेला.

मग युद्ध लागलं, हा आरएएफमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलात गेला आणि बॉम्बर पायलट झाला. ब्लेनहाइम, तीन माणसांचं विमान, 1941 पर्यंत जुनाट झालेलं, आणि ते दिवसाढवळ्या समुद्रावरून लाटांना टेकेल इतक्या खालून न्यायचं, जर्मन जहाजांवर बॉम्ब टाकायला. खालून अशासाठी की उंचावरून गेलं तर लांबूनच पत्ता लागतो, पण खालून गेलं की शेवटी जहाजावरच्या तोफांच्या थेट तोंडासमोर. वरचे अधिकारी भराभर मरत होते म्हणून खालच्यांना प्रमोशनही भराभर, बघता बघता हा स्क्वाड्रन लीडर. 12 ऑगस्ट 1941 ला जर्मनीतल्या कोलोनजवळच्या वीजकेंद्रांवर 54 ब्लेनहाइम गेली, त्यातलं साधारण पाचातलं एक परत आलं नाही. त्या वर्षी त्याला डीएफसी हे वैमानिकांचं शौर्यपदक मिळालं.

पण मला त्या पदकापेक्षा ग्रेट मॅसिंगहॅमची मॅच जास्त छळते. नॉर्फोकमधलंच गाव, तिथे यांचा तळ. सकाळी मोहीम, काही मित्र समुद्रातच राहिले, आणि दुपारी गावाबरोबर मॅच ठरलेली. ती झाली! एडरिचने नंतर लिहिलंय की मध्येच कुणीतरी अपील करायचं, आणि मन झटकन सकाळच्या ब्रीफिंगकडे जायचं, ज्याच्याशी तेव्हा चेष्टामस्करी केली तो आता थंड पाण्यात कुठेतरी. लोक याला धैर्य म्हणतात. मला नाही तसं वाटत. ब्रिटिशांच्या त्या ओठ न हलवण्याचं, म्हणजे दुःख चेहऱ्यावर न दाखवण्याचं, आपल्याला उगाच कौतुक असतं. मॅच रद्द केली असती तर ती रिकामी दुपार घेऊन त्या पोरांनी करायचं काय होतं, एवढाच हिशोब असणार. आपल्याकडेही तेराव्याच्या आत दुकान उघडणाऱ्याला लोक नावं ठेवतात, पण घरी बसून भिंतीकडे बघणं कुणाला जमतं?

गंमत म्हणजे युद्ध संपता संपता याच तळावर मॉस्किटो विमानावर आणखी एक फुटबॉलर-क्रिकेटर होता, मेलबर्नचा कीथ मिलर, सेंट किल्डाकडून ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळलेला. अधिकृत टेस्टमध्ये दोघं पहिल्यांदा समोरासमोर आले ते 1946 ला ब्रिस्बेनला. पावसाने पिच खराब झालेलं, बॉल कुठूनही उसळतोय, आणि मिलरचे बाउन्सर एडरिचच्या अंगावर. पावणेदोन तास मार खात उभा राहिला, रन केले 16. ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन ब्रॅडमन म्हणतोय अजून जोरात टाक, आणि मिलरला कळेना की पाच वर्षं युद्धातून जगून आलेल्या माणसाला आपण इथे का झोडपतोय. ब्रॅडमन ग्रेटच, पण इथे मी मिलरच्या बाजूने.

यानंतर एडरिच गंभीर वगैरे झाला असेल असं वाटत असेल तर नाही. पाच लग्नं केली, पार्ट्या तर मोजूच नका. 1947 च्या उन्हाळ्यात 3539 रन काढले आणि तरी लोक बोलले कॉम्प्टनबद्दल, कारण त्याने 3816 काढले. 1950 ला ओल्ड ट्रॅफर्ड टेस्टच्या वेळी रात्री उशिरा पिऊन हॉटेलवर आला, आणि शेजारच्या खोलीत नेमके निवड समितीचे प्रमुख बॉब वायट! ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून नाव गेलं आणि टेस्ट टीममध्ये परत यायला 1953 उजाडलं. आला तेव्हा ओव्हलवर नाबाद 55 काढून ॲशेस जिंकायला उभा होता, आणि जिंकणारा फटका, अर्थात, कॉम्प्टनने मारला.