मोठे झाले, मग रंकाळ्यात का सोडत नाही?

आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच काचेची टाकी आहे. शेजारपाजारचे, पाहुणे, गॅस घेऊन येणारा मुलगा, सगळे तिच्यासमोर थांबतात आणि मासे बघून झाले की एकच विचारतात, "वैनी, केवढं झाल्यात हे! रंकाळ्यात सोडा की. तुमचा बी त्रास वाचंल, त्यास्नी बी मोकळं वाटंल." रंकाळा म्हणजे आमचं कोल्हापूरचं तळं. परवा नणंदबाईंनीही तेच विचारलं, वर "पुण्य लागेल" म्हणाल्या. दारात उभ्याउभ्या याचं उत्तर पुरं होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

बारा वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टापायी दोन फुटी टाकी घेतली. दुकानदारानं पिशवीत तीन 'शार्क' घालून दिले. बोटाएवढे, चंदेरी, देखणे. "मासा टाकीएवढाच वाढतो, काळजी करू नका," म्हणाला. मी विश्वास ठेवला.

ते शार्क नव्हतेच. तो पंगॅशियस, आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीतला. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच. तो मीटरभराच्याही वर वाढतो, थव्यानं राहतो, आणि दचकला की समोर काय आहे ते न बघता सुसाट सुटतो. आमचे तिघे वर्षभरात फुटाला आले. रात्री दिवा लावला की धाडकन काचेवर आपटायचे. नाकाडं सोलून निघालेली असायची. टाकीएवढा वाढतो म्हणतात ते असं: स्वतःच्याच घाणीनं नासलेल्या पाण्यात त्याची वाढ खुंटते, कणा वाकतो, आयुष्य तुटतं. मोठी टाकी येईपर्यंत दोघे गेले. मुलगा तेव्हा सातवीत होता, दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्याला कागलकडच्या एका हौशी माणसाच्या शेडमधल्या मोठ्या हौदात जागा मिळाली. त्या दोघांचं मला आजही वाईट वाटतं.

आता टाकीत दोन ऑस्कर आहेत. दक्षिण अमेरिकेतले, अॅमेझॉनच्या खोऱ्यातले. आणले तेव्हा दोन इंची होते, वर्षभरात फुटाला टेकले. दहा-बारा वर्षं सहज जगतात. थोरल्याला नववं चालू आहे. मी खुर्ची ओढली की तो काचेपाशी येऊन उभा राहतो, परकं माणूस दिसलं की लाकडामागं जातो. टाकीतला एक दगड हलवला तर दिवसभर कोपऱ्यात पडून राहतो, अन्नाला तोंड लावत नाही. मुलगा पुण्याला गेला त्याला चार वर्षं झाली; दुपारी घरात माझी वाट बघणारं असं हेच कोणीतरी आहे.

त्रास म्हणाल तर आहे. साडेआठशे लिटर पाणी म्हणजे तेवढेच किलो, वर काच आणि लोखंडी स्टँड. तळमजला नसता तर ही टाकी ठेवायचं धाडस केलं नसतं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो त्यांना विषारी. फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांत वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. हे जिवाणू जमायला महिना-दीड महिना लागतो. नवी टाकी घेऊन दुसऱ्याच दिवशी मासे सोडतात आणि आठवड्यात मरतात, ते याचमुळं. नायट्रेट मात्र पाणी बदलूनच जातं. म्हणून दर रविवारी एक तृतीयांश पाणी मी पाइपनं काढते; ते जास्वंदीला आणि केळीला जातं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेव्हा नवं पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून त्यात अँटिक्लोरीन घालते. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधी धूत नाही, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळते, नाहीतर जिवाणू जातात.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगा शहरात शिरली. उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि चहूकडं पाणी असताना नळ कोरडे. आमच्याकडं लाईटही नव्हती. मी त्यांचं खाणं बंद केलं. मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, आणि खाणं नाही तर घाणही कमी. बॅटरीचा हवापंप लावला, टँकरच्या रांगेतून आणलेल्या पाण्यातली रोज एक घागर त्यांना दिली. दोघे वाचले.

आता रंकाळ्याचं. तिथं सोडलेला ऑस्कर एकतर मरेल, किंवा जगेल. पेलेटवर, म्हणजे विकतच्या कोरड्या दाण्यांवर, वाढलेला मासा उघड्या पाण्यात उपाशी मरेल, हे वाईट. जगला तर त्याहून वाईट, कारण तो शिकारी आहे आणि तोंडात मावेल ते खातो. काच साफ करतो म्हणून आणतात तो सकर मासा बघा. तोही दक्षिण अमेरिकेचा, अंगावर हाडाचं चिलखत, त्याला खाणारं आपल्याकडं फारसं कोणी नाही. असाच कुणीकुणी सोडलेला, आज आंध्रात आणि कोलकात्याच्या पाणथळीत कोळ्यांच्या जाळ्यात येतो आणि जाळीच फाडतो. 2023 साली श्रीनगरच्या दल सरोवरात अॅलिगेटर गार नावाचा मासा सापडला. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा, म्हणजे कुणीतरी बादलीतूनच नेला असणार.

रंकाळ्यातलं रंकाळ्यातच राहील असंही नाही. आपल्याकडचा पाऊस तळं, नाला आणि नदी एक करतो. पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णा पुढं कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत समुद्रापर्यंत जाते. त्या पाण्यात आपले इथले मासे आहेत: मरळ आहेत, वांब आहेत, वर घाटाकडं महसीर आहे. माझ्या सोप्यातला त्रास मी त्यांच्या घरात सोडायचा आणि त्याला पुण्य म्हणायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

तेव्हा नणंदबाई, हे दोघे इथंच राहणार, त्यांचं आयुष्य असेल तोवर. आणि तुमच्यापैकी कुणाचा मासा टाकीत मावेनासा झाला असेल तर माझ्याकडं या. कोणाकडं मोठी टाकी रिकामी आहे, कोणाकडं हौद आहे, त्यांची नावं मी वहीत लिहून ठेवली आहेत. कागलचा शार्कही त्याच वहीनं सापडलेल्या हौदात आहे. गेल्या महिन्यात बघून आले. त्याच्या नाकाडावरची जखम भरली आहे.